परतलेल्या माणसाच्या नजरेतून गाव: प्रतीकात्मक छायाचित्रमालिकेविषयी

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. नायजेरियन लेखक चिनुआ अचेबे यांच्या ‘थिंग्ज फॉल अपार्ट’ या 1958 साली प्रसिद्ध झालेल्या कादंबरीचा नायक ओकोन्क्वो सात वर्षांची हद्दपारी भोगून उमुओफियाला परततो, तेव्हा त्याचे गाव त्याचे राहिलेले नसते. या बदललेल्या मायभूमीवर तुम्हाला बारा प्रतीकात्मक छायाचित्रांची मालिका करायची आहे. तुम्ही वडोदऱ्यात राहता आणि आफ्रिका पाहिलेली नाही. तुम्ही तीन गोष्टी विचारल्या आहेत: कोणती प्रतीके निवडावीत, कादंबरीतल्या इग्बो समाजाच्या गावाचा आभास निर्माण करण्यासाठी छोटा उदेपूरकडे जाऊन मातीची घरे टिपावीत का, आणि नायक छायाचित्रात दाखवावा की नाही.

मी या शहरात तीस वर्षांहून अधिक काळ छायाचित्रण करतो आहे आणि त्यातील बराच काळ दांडिया बाजार आणि रावपुऱ्यातील जुन्या मराठी घरांच्या कामात गेला आहे. त्या अनुभवावरून मला असे वाटते, की तुमच्या तिन्ही प्रश्नांच्या मुळाशी एकच प्रश्न आहे आणि तो तुम्ही अजून स्वतःला विचारलेला नाही. तुमचा कॅमेरा कुणाच्या जागी उभा राहणार आहे? परतलेल्या ओकोन्क्वोच्या, गावातच राहून बदल पाहिलेल्या त्याच्या मित्राच्या, ओबिएरिकाच्या, की बाहेरून आलेल्या अधिकाऱ्याच्या? ही जागा ठरली की प्रतीके बरीचशी आपोआप ठरतात. ती ठरली नाही, तर बारा चांगली छायाचित्रे जमतात आणि मालिका मात्र होत नाही.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधीच मान्य करतो. तुमच्या प्रेक्षकांनी कादंबरी वाचलेली असेल, तर तुम्हाला बरेच काही न सांगता सोडता येईल. वाचलेली नसेल, तर प्रत्येक चित्राखाली एक ओळ द्यावी लागेल आणि त्या ओळीचा भार चित्राने पेलला पाहिजे. भिंतीवर लावलेली बारा छायाचित्रे माणूस चालत पाहतो, पुस्तकात तो ती समोरासमोरच्या जोड्यांनी पाहतो, आणि मोबाईलच्या पडद्यावर एकामागून एक सरकवतो, तिथे शेजारी काहीच नसते. मी पुढे जोड्यांविषयी जे सांगणार आहे, ते भिंतीसाठी आणि पुस्तकासाठी खरे आहे. पडद्यासाठी तुम्हाला दोन्ही काळ एकाच चौकटीत बसवावे लागतील आणि ते काम अधिक अवघड आहे.

आता छोटा उदेपूरविषयी. तिथे जाऊ नका, असे माझे स्पष्ट मत आहे. तिथल्या राठवा आदिवासींची मातीची घरे सुंदर आहेत, त्यांच्या भिंतींवरील पिठोरा देवाची चित्रे जगभर माहीत आहेत, पण ते लोक कुणाच्या आफ्रिकेचे नेपथ्य नाहीत. त्या घराला स्वतःचा देव आहे, स्वतःची मायभूमी आहे आणि ती मायभूमीही बदलते आहे. ते घर इग्बो घर म्हणून दाखवायचे, म्हणजे एका समाजाची गोष्ट सांगताना दुसऱ्या समाजाचे नाव पुसून टाकायचे. आपल्याच शहरातील ज्योती भट्ट यांचे काम या बाबतीत पाहण्यासारखे आहे. ते चित्रकार आणि फाइन आर्ट्सचे शिक्षक. 1960 च्या दशकाच्या उत्तरार्धापासून त्यांनी गुजरात, राजस्थान आणि इतर भागांतील भिंतीचित्रे आणि अंगणातील रेखाटने टिपली. त्यांच्या छायाचित्रांत चित्रित भिंतीबरोबर अनेकदा त्या घरचे माणूस असते, दारातले जनावर असते, रोजचे काम चाललेले असते. ती भिंत कुणाची आहे हे पाहणाऱ्याला विसरता येत नाही.

हा मुद्दा मी इतका लांबवतो आहे, कारण तो कादंबरीच्याच गाभ्यातला आहे. ओकोन्क्वोच्या शोकांतिकेचे शेवटचे पान आठवा. चोवीस प्रकरणांहून अधिक काळ आपण गावाच्या आतून सारे पाहिलेले असते आणि शेवटी अचेबे एकाएकी आपल्याला ब्रिटिश जिल्हाधिकाऱ्याच्या डोक्यात नेऊन उभे करतात. तो नायजर नदीच्या खालच्या भागातील जमातींना शांत केल्याविषयी एक पुस्तक लिहिणार असतो. या माणसावर एक प्रकरण लिहावे, असा विचार त्याच्या मनात येतो आणि लगेच तो ते एका परिच्छेदावर आणतो. एवढे मोठे आयुष्य, आणि परक्या वहीत त्याला मिळते ते इतकेच. कॅमेराही त्या प्रदेशात याच वहीच्या सोबतीने फिरला. ब्रिटिश सरकारचे मानवशास्त्रज्ञ नॉर्थकोट थॉमस यांनी 1910 नंतरच्या काही वर्षांत इग्बो भाषक मुलखात हिंडून माणसांची समोरून आणि बाजूने नमुनावजा छायाचित्रे घेतली. आपल्याकडे ‘द पीपल ऑफ इंडिया’ या नावाचे आठ खंड 1868 ते 1875 या काळात निघाले, त्यांतही माणसे जातीजमातींचे नमुने म्हणूनच उभी आहेत. तेव्हा हातात कॅमेरा घेऊन दुसऱ्याच्या मातीच्या घरासमोर आपण उभे राहतो, त्या क्षणी आपण नकळत त्या अधिकाऱ्याच्या पावलावर पाऊल ठेवलेले असते. हे भान ठेवून काम केले, तर आफ्रिका पाहिलेली नसणे ही मला तुमची अडचण वाटत नाही, कारण कादंबरीने तुम्हाला जे दिले आहे ते प्रवासवर्णनापेक्षा अधिक आतले आहे.

प्रतीकांकडे वळतो. अनेक वर्षांपूर्वी मी एका कथेतील विधवा स्त्रीवर दहा छायाचित्रांची मालिका केली होती. फुटलेली बांगडी, वाळलेले झाड, रिकामा झोपाळा, विझलेली समई, असे सारे त्यात होते आणि प्रकाशयोजनेची मी फार मेहनत घेतली होती. प्रदर्शनाला आलेल्या एका वृद्ध बाईंनी ती सर्व शांतपणे पाहिली आणि मला विचारले, “यातली ती कोण?” मला उत्तर देता आले नाही. ती चित्रे कोणत्याही दुःखी स्त्रीची होती, त्या विशिष्ट स्त्रीची नव्हती. वाळलेले झाड म्हणजे ऱ्हास आणि उडणारा पक्षी म्हणजे स्वातंत्र्य, असे कोशातून उचललेले अर्थ पाहणाऱ्याला लगेच कळतात आणि लगेच विसरले जातात.

आल्फ्रेड स्टिगलिट्झ यांनी 1920 च्या दशकात ढगांची छायाचित्रे घेऊन त्यांना आपल्या मनःस्थितीचे समतुल्य मानले आणि तिथून प्रतीकात्मक छायाचित्रणाची एक मोठी वाट सुरू झाली. पण त्या ढगांत स्टिगलिट्झ स्वतःचे मन पाहत होते. तुम्हाला दुसऱ्याने निर्माण केलेल्या माणसाचे मन दाखवायचे आहे, म्हणून तुमच्या प्रतीकाचा एक धागा मूळ मजकुरात बांधलेला असलाच पाहिजे. तो नसेल, तर तुमच्या ढगात ओकोन्क्वो आहे यावर पाहणाऱ्याने विश्वास का ठेवावा?

यासाठी मी विद्यार्थ्यांना एक पद्धत सुचवतो. कादंबरी पुन्हा वाचा आणि हातात पेन्सिल घेऊन केवळ एवढेच टिपा, की कोणती वस्तू किंवा पदार्थ एकाहून अधिक वेळा येतो आणि प्रत्येक वेळी त्याची अवस्था काय असते. मी स्वतः असे वाचले तेव्हा माझ्या वहीत सर्वांत लांब रांग आगीची झाली. कादंबरीच्या आरंभीच ओकोन्क्वोची कीर्ती हरमॅटनच्या कोरड्या वाऱ्यात पसरणाऱ्या वणव्यासारखी वाढल्याचे सांगितले आहे. लोक त्याला धडाडणारी ज्वाळा म्हणून ओळखतात. गावचा वयोवृद्ध एझेउडू याच्या अंत्यविधीत ओकोन्क्वोच्या बंदुकीचा अपघाताने स्फोट होऊन मृताचाच मुलगा ठार होतो, तेव्हा प्रथेप्रमाणे गावकरी त्याची घरे पेटवून देतात आणि त्यांत ओबिएरिकाही असतो. हद्दपारीत थोरला मुलगा न्वोये मिशनऱ्यांना जाऊन मिळाल्याचे कळते, तेव्हा तो शेकोटीकडे पाहत बसतो आणि जिवंत आगीच्या पोटी थंड, षंढ राख जन्माला येते, हे त्याला उमगते. येथवर बहुतेक वाचक येतात. पण पुढे पाहा. तो परत येतो तेव्हा गावात नव्या न्यायालयाचे शिपाई फिरत असतात, त्यांच्या चड्ड्या राखी रंगाच्या असतात आणि लोक त्यावरूनच त्यांना टोपणनाव देतात. जी राख त्याने चुलीत पाहिली होती, ती आता गणवेश घालून गावात हिंडते आहे. अचेबे यांनी हे दोन संदर्भ मुद्दाम जोडले की नाही, हे मी ठरवू शकत नाही, पण छायाचित्रकाराला इतका धागा पुरेसा आहे. ज्वाळा, काजळी, निखारा, राख, राखी कापड अशी एकच साखळी घेऊन तुम्ही सात-आठ चौकटी करू शकता, आणि एका साखळीतील सात चौकटी बारा सुट्या प्रतीकांपेक्षा कितीतरी अधिक बोलतात.

राख टिपणे वाटते तितके सोपे नाही. कॅमेऱ्याचा मीटर समोरचे सारे मध्यम करड्या छटेचे आहे असे धरून चालतो, त्यामुळे पांढरट राख तो मळकट करतो आणि काळी काजळी उजळ करतो. चौकट राखेने भरलेली असेल, तर मीटर सांगतो त्याहून साधारण एक स्टॉप अधिक एक्स्पोजर, म्हणजे दुप्पट प्रकाश, द्या आणि काजळीसाठी एक स्टॉप कमी. प्रकाश बाजूने आणि कमी उंचीवरून आला पाहिजे, नाहीतर राखेचा पोत हरवतो. ट्रायपॉड वापरा आणि पंखा बंद ठेवा, कारण राख तुमच्या श्वासानेही हलते.

आता माझ्या कामातील एक चौकट सांगतो, कारण बदल दाखवणे म्हणजे काय हे मी तिच्यापासून शिकलो. दांडिया बाजारातील एका वाड्यात माजघराच्या भिंतीत एक कोनाडा होता. पिढ्यान्‌पिढ्या तिथे तेलाचा दिवा लावला जात असे आणि त्याच्या वरच्या कमानीवर काजळीचा एक निमुळता डाग पडला होता. मी त्या कोनाड्याचे छायाचित्र दिव्यासह घेतले, ते साधारण निघाले. काही वर्षांनी त्या घरी पुन्हा गेलो, तेव्हा घराला रंग दिलेला होता, दिवा नव्हता आणि कोनाड्यात इंटरनेटचा राउटर ठेवलेला होता. त्याचे हिरवे दिवे लुकलुकत होते. वरची कमान मात्र रंगाऱ्याने तशीच सोडली होती, कारण त्या घरच्या आजींनी काजळी पुसू दिली नव्हती. मी ते छायाचित्र घेतले आणि त्यानंतर पहिल्या छायाचित्राची गरजच उरली नाही. जुन्याची खूण आणि नव्याचा कब्जा एकाच चौकटीत होते. राउटर वाईट आणि दिवा चांगला, असे ते चित्र म्हणत नव्हते. ती जागा दिव्याची होती, एवढेच त्यातून कळत होते.

अचेबे यांच्याकडे हेच घडते. अबामे गावात पहिला गोरा माणूस येतो, लोक त्याला मारतात आणि त्याची सायकल पवित्र झाडाला बांधून ठेवतात, कारण हा लोखंडी घोडा पळून जाऊन आपल्या माणसांना बोलावून आणील, अशी त्यांना भीती वाटते. या प्रसंगाचे प्रतीक म्हणून सायकलीचे छायाचित्र घेतले, तर त्यात काही नाही, आणि जुन्या वडाचे घेतले तरी काही नाही. अर्थ आहे तो त्या दोरीत, म्हणजे झाडाला लोखंड बांधण्याच्या कृतीत. दोरीची गाठ, तिच्यामागे अस्पष्ट साल आणि अस्पष्ट चाक, इतकी जवळची चौकट घ्या. म्बांटा गावाचे उदाहरण याहूनही बोलके आहे. गावकरी मिशनऱ्यांना देवळासाठी शापित रान देतात आणि तिथे ते मरतील अशी वाट पाहतात. ते मरत नाहीत. जी जागा गावाने टाकून दिली होती, तिथूनच नवे केंद्र उगवते. आपल्या शहरात टाकलेली जागा कोणती आणि तिथे आज काय उभे आहे, हे शोधत दोन दिवस हिंडा, म्हणजे तुम्हाला ही चौकट सापडेल.

उमुओफियाच्या मैदानात एक प्रचंड पुरातन शेवरीचे झाड आहे आणि जन्माला येण्याची वाट पाहणारे चांगल्या मुलांचे आत्मे त्यात राहतात, अशी तिथे श्रद्धा आहे. आपल्याकडील काटेसावर त्याच वंशावळीतील झाड आहे. फेब्रुवारी-मार्चमध्ये ती लाल फुलते आणि उन्हाळा तापू लागला की तिची बोंडे फुटून कापूस वाऱ्यावर जातो. डांबरी रस्त्याच्या कडेला साचलेला तो कापूस मला या कादंबरीसाठी नेहमी योग्य वाटत आला आहे. तरीही सावध राहा. झाडे नात्यातली आहेत एवढ्यावर छायाचित्रे नात्यातली होत नाहीत. तो कापूस ज्या जागी रुजू शकत नाही, ती जागा चौकटीत आली तरच त्या श्रद्धेशी तुमचे चित्र बोलू लागेल.

परतण्याविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण मालिकेचा कणा तोच आहे. कादंबरीच्या तीन भागांत अनुक्रमे तेरा, सहा आणि सहा प्रकरणे आहेत. पहिल्या भागात गाव अखंड आहे, दुसरा भाग म्बांटात, म्हणजे ओकोन्क्वोच्या आजोळी घडतो, आणि तिसऱ्यात तो परततो. याचा अर्थ असा, की उमुओफिया बदलते तेव्हा नायक तिथे नसतो. त्याला बदल ऐकून कळतो, आणि परतल्यावर एकदम समोर येतो. म्हणून बदलाची प्रक्रिया दाखवण्याचा मोह टाळा. एकाच ठिकाणी ट्रायपॉड रोवून, त्याच उंचीवरून, त्याच लेन्सने दोन छायाचित्रे घ्या आणि त्यांच्यामध्ये भिंतीवर एका चौकटीइतकी जागा रिकामी ठेवा. ती रिकामी जागा म्हणजे ती सात वर्षे. तुमच्या हाताशी सात वर्षे नसतील, तर एखाद्या कुटुंबाकडील जुने छायाचित्र घेऊन, त्यांची परवानगी काढून, त्याच कोनातून आज पुन्हा छायाचित्र घ्या. मी 50 मिलिमीटरची लेन्स वापरतो, कारण तिच्यातून दिसणारे अंतर डोळ्याला ओळखीचे वाटते आणि या मालिकेत ओळखीचे वाटणे हाच जखमेचा भाग आहे.

त्या परतण्यातील सर्वांत खोल दुःख बहुतेक मालिकांत हुकते. ओकोन्क्वो सात वर्षे मोठ्या घराची, मोठ्या कोठाराची, थाटाच्या आगमनाची स्वप्ने पाहतो आणि परततो तेव्हा गाव त्याची विशेष दखलच घेत नाही. लोकांच्या डोळ्यांसमोर नवा धर्म, नवे सरकार आणि नवी दुकाने असतात. पामचे तेल आणि त्याच्या बिया यांना पहिल्यांदाच मोठी किंमत आलेली असते आणि गावात पैसा खेळू लागलेला असतो. कित्येकांना तो बदल हवाही असतो. हे छायाचित्रणाच्या भाषेत फोकसच्या जागेने सांगता येते. गजबजलेला बाजार घ्या, खंडेराव मार्केटची सकाळ चालेल. सौदा करणारे हात आणि तराजू तीक्ष्ण फोकसमध्ये ठेवा आणि चौकटीच्या कडेला, अस्पष्ट, पाठमोरा, कुणीही न पाहणारा एक उंच माणूस येऊ द्या. हिवाळ्यात गेलात, तर उंधियूसाठी जांभळ्या कंदांचे ढीग दिसतील. इथे त्याला रताळू म्हणतात, आपल्या मराठी घरांत कोनफळ, आणि आपले रताळे ते इथले शक्करिया. कोनफळ हे यामच्याच जातीचे, आणि याम हे ओकोन्क्वोच्या जगात पुरुषाचे पीक, त्याच्या कर्तबगारीचे माप. ते कंद या चौकटीत सहज आले तर येऊ द्या, मुद्दाम मांडू नका. प्रकाशासाठी डिसेंबर-जानेवारीतील धूसर सकाळ निवडा, कारण हरमॅटनच्या दिवसांत तिथेही हवेत धूळ असते आणि दूरच्या वस्तू फिक्या दिसतात.

आता तुमच्या स्वतःच्या जागेविषयी. तुम्ही लिहिता, की तुमचे कुटुंब अनेक पिढ्या वडोदऱ्यात आहे. तर मग गाव न हलता परके होणे म्हणजे काय, हे तुमच्या घरात कुणीतरी अनुभवलेले असणार. 1 मे 1949 रोजी बडोदा संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले आणि 1 मे 1960 रोजी हे शहर गुजरातमध्ये गेले. त्याच गल्लीत, त्याच घरात राहणाऱ्या माणसाचे राज्य अकरा वर्षांत दोनदा बदलले. ती आठवण मालिकेत आणा, ती तुमची खरी भांडवली ठेव आहे. परंतु एक गोष्ट प्रामाणिकपणे लक्षात ठेवावी लागेल. आपले पूर्वज अठराव्या शतकात गायकवाडांच्या सत्तेबरोबर इथे आले. दरबार, कचेऱ्या, कारकुनी यांत मराठी माणूस होता आणि त्या वेळी बदललेली मायभूमी दुसऱ्या कुणाची तरी होती. म्हणून या शहरातील मराठी माणूस पूर्णपणे ओकोन्क्वोच्या जागी उभा राहू शकत नाही, त्याच्या एका खांद्यावर त्या जिल्हाधिकाऱ्याची सावलीही आहे. मला हे तुमच्या मालिकेचे बळ वाटते. ज्याला दोन्ही जागा आतून ठाऊक आहेत, त्याच्याकडून पाहणाऱ्याला स्वस्त हळहळ मिळणार नाही.

आतापर्यंतचे थोडक्यात सांगायचे तर: आधी उभे राहण्याची जागा ठरवा, मजकुरातून एकच साखळी काढा, वस्तूपेक्षा तिची जागा कुणी घेतली ते टिपा, मधली वर्षे रिकामी सोडा आणि दुसऱ्याचे घर उसने घेऊ नका.

नायक दाखवावा का, हा प्रश्न उरला. चेहरा दाखवू नका. चेहरा दाखवला की पाहणारा कुणा नटाकडे पाहत बसतो. नायजेरियाचे छायाचित्रकार जे. डी. ओखाई ओजेइकेरे यांनी 1968 पासून आपल्याच देशातील स्त्रियांच्या केशरचना टिपल्या. त्यांतील कित्येक पाठीमागून घेतलेल्या आहेत, आणि केवळ मान व केस पाहूनही ती व्यक्ती किती सन्मानाने समोर येते हे कळते. पाठमोऱ्या माणसात रिकामेपण असतेच असे नाही, हे त्यांच्याकडून शिकावे. मुखवटा मात्र कोणत्याही स्वरूपात वापरू नका, अगदी कागदाचाही नाही. कादंबरीत एनॉक नावाचा नवधर्मांतरित सर्वांसमक्ष पूर्वज-आत्म्याचे रूप घेतलेल्या एका माणसाच्या चेहऱ्यावरील मुखवटा ओढून काढतो आणि गाव त्याला त्या आत्म्याचा वध मानते. ज्या वस्तूला उघडे पाडणे हाच तिथला सर्वांत मोठा अपराध आहे, ती आपण भिंतीवर टांगावी, हे मला पटत नाही.

शेवटच्या चौकटीत दोरी, फांदी किंवा लोंबकळणारी सावली नको. ओकोन्क्वोने जिथे आपले आयुष्य संपवले, त्या झाडाजवळ त्याच्या देहाला गावचा माणूसही हात लावू शकत नाही, त्यासाठी ओबिएरिकाला परक्यांना विनवावे लागते. तिथे आपण कॅमेरा नेऊ नये. त्याआधीचा एक क्षण घ्या. भरसभेत तो न्यायालयाच्या शिपायाला ठार करतो, गाव त्याच्यामागे उभे राहणार नाही हे त्याला कळते, आणि तो आपला कोयता वाळूवर पुसून निघून जातो. ती पुसलेली वाळू टिपा, विश्वामित्री नदीची किंवा बांधकामाच्या वाळूच्या ढिगावरची चालेल. आधीच्या अकरा चौकटी उभ्या माणसाच्या नजरेच्या उंचीवरून, बाजूच्या प्रकाशात घ्या, पण ही एक वेगळी घ्या: थेट वरून, सपाट फ्लॅशमध्ये, शेजारी मोजपट्टी ठेवून, खाली क्रमांक आणि तारीख टाकून, जशी एखाद्या फाइलमध्ये लावली जाते. वाळूवर दोन आडवे फराटे दिसतील. मोजपट्टी त्यांची लांबी सांगेल. भिंतीवर ही चौकट इतरांपेक्षा लहान छापा आणि पुढे काहीही लावू नका.